एक दिवसाआड

उपासाच्या दिवशी लाडकुंवरबाई नाक धुताना पाण्यात मीठ घालत नसत.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात मिठाची पुडी सोडायची, बाटलीचं तोंड एका नाकपुडीला लावून दाबायचं आणि पाणी दुसऱ्या नाकपुडीतून मोरीत जाऊ द्यायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जळगावातल्या या मारवाडी जैन घराला उकळलेल्या पाण्याचं काय नवल? इथे पाणी प्यायचं तेच उकळून, गाळून. अडचण मिठाची होती. मान कितीही वाकवा, दोन-चार थेंब घशात उतरतातच. आणि उपासाला चालतं ते नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य आहे तोवर. मीठ घशाला लागलं की उपास मोडला.

म्हणून एक दिवसाआड, बिनमिठाचं.

बिनमिठाचं पाणी आत शिरलं की मिरच्यांची धुरी कपाळात कोंडल्यासारखं व्हायचं. मिठाचं पाणी गुमान वाहून जायचं. हे मात्र जिथून जाईल तिथून ओरबाडत जायचं. लाडकुंवरबाई मोरीचा कठडा धरून उभ्या राहायच्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तोंडातून हूं की चूं नाही.

"हाई काय वं आई," मागे भांडी घासणारी भिकुबाई म्हणाली, "तुम्हनं नाक शे का इहिरवरनी मोटार? कशी फुर्र फुर्र करी राहिनी!"

"हस बाई, हस. तुझं नाक शाबूत आहे."

"मन्ह्या नाकले कोन इचारस? नथ बी मोडी खादी."

भिकुबाई अमळनेरकडची. तिला कशावरही गाणं सुचायचं. घासणी परातीत टाकून तिने तिथल्या तिथे जोडलं,

"नाकमा बांधं घर, कोन गावना पाव्हना,
भाडं दे ना, जास बी ना, कसा करू रवाना."

लाडकुंवरबाईंना हसू आलं. हसताना डावा गाल ठणकला आणि हसू तिथेच राहिलं.

पाहुणा येऊन तिसरं वर्ष चाललं होतं. आधी ती सर्दी होती. मग धुळीची सर्दी झाली, मग 'सायनस' झालं. वाफारे झाले, ओव्याची पुरचुंडी झाली. डावा गाल जड, डाव्या डोळ्यामागे कुणी बोटाने दाबत असल्यासारखं, आणि घशात सदा काहीतरी उतरत राहायचं. एके दिवशी रुचीने, त्यांच्या सुनेने, स्वयंपाकघरात धावत येऊन गॅस बंद केला. दूध उतू जाऊन करपलं होतं, भांडं काळं पडलं होतं, आणि लाडकुंवरबाई शेजारीच मूग निवडत बसल्या होत्या. त्यांना वासच आला नव्हता.

धुळ्याला नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन झालं. आतून निघालं ते डॉक्टरीणबाईंनी बाटलीत दाखवलं. काळपट, चिकट, शेंगदाण्याच्या चटणीला तेल सुटावं तसं. "बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "काढली तरी परत येते. हट्टी असते."

ती परत आली, परत काढली. मोठ्या जाऊबाई दवाखान्यात बघायला आल्या आणि खाटेवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "लाडू, तुझ्या लोणच्याच्या बरणीला जन्मात कधी फूलन लागली नाही गं. ती सगळी कपाळात साठवलीस होय?"

फूलन म्हणजे बुरशीच. या घरात तिला सहसा कुणी बोट लावत नसे. भाकरीच्या तुकड्यावर हिरवट लव दिसली तर तो तुकडा कचऱ्यात भिरकवायचा नाही, सावलीत अलगद ठेवून द्यायचा. त्या लवेत मोजता येणार नाहीत एवढे जीव असतात, असं लाडकुंवरबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. रोज संध्याकाळच्या प्रतिक्रमणात कळत-नकळत पायाखाली आलेल्या जीवांची माफी मागायची, त्यात फूलनीचंही नाव येतं. ते नाव आलं की हल्ली त्यांची जीभ जराशी अडखळे.

दुसऱ्या ऑपरेशननंतर नाक मोकळं झालं. पहिल्यांदा रात्रभर तोंड मिटून झोप लागली. त्या आनंदात त्यांनी वर्षीतप उचललं. एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, परत उपास. असं वर्षभराहून जास्त, थेट अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत. अखाजीला खानदेशात पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. त्याच दिवशी जैनांच्या घरात वर्षीतप करणारा उसाचा रस पिऊन उपासाचं पारणं करतो.

दिवाळीनंतर गाल पुन्हा जड झाला. या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी गोळ्यांनी बघू. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, जेवणावर, बरेच महिने. एकही दिवस चुकवायचा नाही.

पण उपासाला गोळी कशी चालेल?

यावर तोड काढली प्रकाशचंदजींनी, लाडकुंवरबाईंच्या यजमानांनी. त्यांचा दाणाबाजारात डाळीचा व्यापार. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "आजचा माल उद्याच्या गाडीत चढवायचा. दोन खेपांची पोती एका खेपेत. माल पोचल्याशी मतलब." घरात कुणालाच हे वावगं वाटलं नाही. जेवणाच्या दिवशी रुची सकाळी चार गोळ्या हातावर ठेवी, संध्याकाळी चार. डॉक्टरीणबाईंना हे सांगायचं राहिलं. लपवलं असं नाही. तप हे काय डॉक्टरला सांगत सुटायचं असतं? आणि सांगितलं तर ती काय म्हणेल, हे सगळ्यांना आतून थोडं थोडं माहीत होतं.

आता अखाजी महिन्यावर आली होती. हॉल ठरला होता. मनन, त्यांचा मुलगा, रसवंतीवाल्याशी बोलून आला होता. आयुष्यभर लाडकुंवरबाई 'प्रकाशचंदजींच्या घरातून' होत्या; आता जैन स्थानकात, साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, बायका वाट करून देत, पायाला हात लावत आणि म्हणत, "तपस्वी लाडकुंवरबाई."

त्या दिवशी धुळ्याला दाखवायला जायचं होतं. उपासाचाच दिवस होता. गाडीतल्या एसीने कपाळ धरायचं म्हणून सासू-सुना एसटीने निघाल्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून भट्टीसारखं वारं येत होतं. रस्त्याकडेला कडुलिंब मोहरले होते, त्यांच्यावर मधमाश्या घोंघावत होत्या.

"लिंबाचा काय वास सुटलाय, मम्मीजी," रुची बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"सांग ना कसा येतोय."

रुचीने डोळे मिटले. सकाळपासून घरातलं सगळं उरकून ती निघाली होती. "गोड. पण लांबून. जवळ गेलं की कडू होईल असा."

"हां," लाडकुंवरबाई म्हणाल्या. "तसाच असायचा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली, पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं. मग नवा स्कॅन उजेडाला धरला. चाळिशीच्या, पारोळ्याच्या पाटलांच्या लेक, बोलायला रोखठोक. आज मात्र रक्ताचे रिपोर्ट काढून त्या ओळीने मांडू लागल्या.

"हे बघा," त्या शेवटी म्हणाल्या, "औषध रक्तात किती उतरतंय ते मी मोजून घेते. एकदा ते इतकं जास्त की लिव्हरला सूज. पुढच्या वेळी इतकं कमी की गोळ्या घेतच नाहीत जणू. मी तुमच्या जळगावच्या लॅबवाल्याला शिव्या घातल्या हो. दोनदा परत रक्त काढायला लावलं बिचाऱ्याला. आज गोळ्या किती वाजता घेतल्या?"

"आज नाही," रुची म्हणाली. "आज मम्मीजींचा उपास आहे."

"मग काल?"

"काल चार आणि चार."

"मी दोन आणि दोन लिहिल्यात."

"आजच्या धरून," रुचीचा आवाज बारीक झाला. "एक दिवसाआड उपास असतो ना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

लाडकुंवरबाई पदराच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"आजी, अहो, ही काय डाळीची पोती आहेत?" नेमकी पोत्यांचीच उपमा ऐकून रुचीने मान खाली घातली. "एक दिवस बुरशीला मारायचं, एक दिवस तिला मोकळं सोडायचं. जी मेली नाही ती शिकून उठते. तुम्ही सगळ्यांनी मिळून ती जोपासलीत." मग त्यांनीच आवाज उतरवला आणि स्कॅनवर बोट ठेवलं. "ही तुमच्या डोळ्याची बाजू. नाकाच्या आणि डोळ्याच्या मधे जे हाड असतं ते कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. तुम्ही कांदा खात नाही, पण बघितला तर असेल. ते हाड इथे खाल्लं गेलंय. अजून डोळा शाबूत आहे. अजून."

"अखाजीला माझं तप पुरं होतंय," लाडकुंवरबाई म्हणाल्या. "महिनाभर थांबता येणार नाही? मग तुम्ही म्हणाल तसं."

"बुरशीला अखाजी कळत नाही, आजी."

"सुई लावून नाही देता येणार? सुईने उपास मोडत नाही."

"सुईचं औषध मूत्रपिंडाला जड. उपाशी अंगावर मी ते देणार नाही. गोळ्याच. आजपासून, रोज, दोन्ही वेळ, पोटात अन्न असताना. आज सूर्य मावळायच्या आधी घ्या, मला माहीतेय तुमचं. पण आज. नाहीतर पुढच्या वेळी मला डोळ्याच्या बाजूने आत जावं लागेल, आणि तेव्हा काय हाती राहील ते मी सांगू शकत नाही." त्या थांबल्या. "मला तुमच्या धर्मातलं कळत नाही. मला एवढंच कळतं."

बाहेर आल्यावर रुचीने फोन काढला. "पप्पाजींना विचारते."

"नको. ते हॉलचं विचारतील."

"मग मननला?"

"तो रसवंतीचं विचारेल." लाडकुंवरबाई पायरीवर टेकल्या. उपासाने पाय भरून आले होते, कपाळ घणघणत होतं. "महासतीजी धुळ्यात आल्यात म्हणे. स्थानकात चल."

स्थानकाच्या फरशीवर थोडा गारवा होता. महासतीजी, त्यांच्या पंथाच्या साध्वी, भिंतीला पाठ न टेकता बसल्या होत्या. तोंडावर पांढरी मुहपत्ती, पायांना उन्हात चालून पडलेल्या भेगा. शिरपूरहून पायी येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. लाडकुंवरबाईंनी वाकून वंदना केली. वाकताना नाकातून पाणी ओघळलं, ते त्यांनी पदराने टिपलं. मग सगळं सांगितलं. गोळ्या, चार आणि चार, कांद्याचा पापुद्रा, सगळं. रुची दाराशी उभी राहून ऐकत होती.

"उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे नियम, घेताना त्यात आगार असतात, ते ठाऊक आहे ना?" महासतीजींनी विचारलं. "नियमाला ठेवलेल्या वाटा. मोठ्या आजारात मन ढळू नये म्हणून औषधाला वाट ठेवलेली असते."

"ठाऊक आहे, महाराजसाहेब. म्हणूनच इतके महिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर वाट दाखवली असती कुणीतरी."

"मग घ्यावी की घेऊ नये, हे मला विचारू नका. त्या गोळीने जीव मरणार. मी 'घ्या' म्हणू शकत नाही. तुमचा डोळा जाणार, मी 'घेऊ नका' म्हणू शकत नाही. आमची बोलायची रीत तेवढीच. वाट आहे, एवढं सांगते."

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.

"एक विचारू?" लाडकुंवरबाई म्हणाल्या. "डॉक्टरीण 'सोडा' म्हणाली ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. रडू मागाहून आलं. मी थकले आहे. नाक धुऊन थकले, गोळ्यांनी थकले, उपासांनी थकले. आता डोळ्यासाठी सोडते आहे का थकून सोडते आहे, माझं मलाच कळत नाही."

"मला तरी कसं कळावं?" महासतीजी हळूच म्हणाल्या.

"आणखी एक आहे. मला वास येत नाही. वास नाही तर चव नाही. जेवायच्या दिवशीसुद्धा तोंडात मातीच असते. शिरा असो, बट्टी असो, सगळं सारखं. उपासाचा दिवस मला सोपा जातो, महाराजसाहेब. न चावता, न गिळता दिवस जातो. बायका पाया पडतात, आणि मला वाटतं, अगं, मी सोडलंच काय? ज्यात गोडीच नाही ते सोडलं, त्याचं कसलं तप?"

दाराशी रुचीने ओठ दाबून धरले. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. इतके महिने ती जेवणाच्या दिवशी सासूबाईंच्या आवडीचं करून वाढत होती, आणि त्या "छान झालंय बेटा" म्हणत होत्या.

महासतीजींनी मान हलवली, ना 'हो' म्हणून, ना 'नाही' म्हणून. "खाणं तुम्हाला जड जातं?"

"घास घशाखाली उतरत नाही. डोंगर वाटतो."

"रोज खायचं म्हटलं तर?"

लाडकुंवरबाईंनी मनात मोजलं. रोज. दोन वेळा. एक दिवसाआडची सुटका नाही. महासतीजींनी हात उचलून मांगलिक, निरोपाचा मंगलपाठ, म्हटलं, आणि उन्हं बघून पडवीतल्या दुसऱ्या साध्वींना हाक मारली. त्यांची गोचरीची, भिक्षेला निघायची, वेळ झाली होती.

लाडकुंवरबाई तिथेच, खांबाच्या आडोशाला बसून राहिल्या. डोळे मिटून त्यांनी माफी मागितली. आधी पायाखालच्या जीवांची. मग त्यांची, जे कपाळात घर करून बसले होते. "तुम्ही तुमच्या जागी जगत होतात," त्या पुटपुटल्या, "मी माझ्या जागी. माझा इलाज नाही." यावेळी जीभ अडखळली नाही. मग खांबाला धरून उठल्या.

"बेटा, इथे जेवण कुठे मिळेल?"

"मम्मीजी?"

"सूर्य मावळायला फार वेळ नाही."

स्थानकाच्या मागेच समाजाची भोजनशाळा होती. संध्याकाळची पंगत लवकर उठायची होती. वाढायला सुमनबाई होत्या, धुळ्याच्याच, जळगावच्या अर्ध्या घरांशी ओळख असलेल्या. ताट मांडताना त्यांचा हात थांबला.

"अय्या, लाडकुंवरबाई! तुमचा तर आज उपास ना? काल जेवणाचा होता. आम्ही सगळ्या अखाजीला येणार पारण्याला, मी साडीसुद्धा काढून ठेवलीय."

रुची पुढे झाली. "नाही, त्यांना जरा..."

"नाही गं," लाडकुंवरबाई म्हणाल्या. पंगतीतल्या दोघी-चौघींनी वळून बघितलं. "माझं पारणं आजच आहे, सुमनबाई. तप पुरं झालं नाही, अर्ध्यातच सुटलं. खिचडी वाढा. तूप जरा जास्त घाला, औषध अंगी लागतं म्हणे त्याने."

सुमनबाईंनी खिचडी वाढली, वर तुपाची धार जरा जास्तच सोडली. वाफ वर आली. रुचीला त्या वाफेत साजूक तूप आणि जिरं कळलं. सासूबाईंच्या तोंडावर काहीच हललं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशचंदजी होते. रुचीने स्पीकर दाबला.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"मी जेवायला बसले," लाडकुंवरबाई म्हणाल्या.

पलीकडून दुकानातल्या तराजूचा खणखणाट आला. "आज?" ते म्हणाले.

"आज. उद्या पण. रोज."

"अगं, पण महिनाच तर..." ते थांबले. खाकरले. "डोळ्याचं काही आहे का?"

"हो."

"मग ते पोत्यांचं मीच... बरं. जेव. पोटभर जेव." फोन ठेवल्यावर रुचीने बघितलं, सासूबाईंनी पहिला घास कालवून तसाच हातात धरून ठेवला होता.

"रागावले?" रुचीने विचारलं.

"नाही. घाबरले."

पहिला घास त्यांनी तोंडात घातला. मऊ, गरम, कशाचाच नाही. चावून चावून त्याचा लगदा झाला तरी तो पुढे सरकेना. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि गिळला. दुसरा. तिसऱ्याला उमासा आला, त्या थांबल्या, डोळे पुसले. चौथा.

रुचीने स्वतःचं ताट ओढून अगदी त्यांच्या गुडघ्याला लावून घेतलं. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण तीही त्यांच्याच चालीने खाऊ लागली. त्यांनी एक घास घेतला की तिने एक घ्यायचा, त्या थांबल्या की थांबायचं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत छताला टेकलं होतं.

ताटातली खिचडी निम्मी झाली तेव्हा रुचीने गोळ्यांचं पाकीट काढलं. सवयीने चार काढल्या, मग दोन परत आत ठेवल्या. उरलेल्या दोन सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. पाण्याबरोबर गोळ्या घशाखाली उतरल्या.

"झालं?" लाडकुंवरबाईंनी विचारलं.

"ताटातलं राहिलंय, मम्मीजी."

"हं."

"घरी काय करू तुमच्यासाठी? सांगा. आता खरं सांगा."

लाडकुंवरबाईंनी विचार केला. "पातळ काहीतरी कर. लवकर उतरेल असं. आवडीचं नको करूस, वाया जातं."

"बरं."

"संपव तुझं. सूर्य चाललाय."

"तुम्ही पण."

"संपवते गं," त्या म्हणाल्या, आणि निवत चाललेल्या खिचडीत पुन्हा बोटं घातली. "कुठे पळून जाते आहे मी."